प्रोसेसरची किंमत ठरवतं कोण? इंटेल-एएमडी चढाओढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा पीसी बांधायला निघालेले लोक दुकानात जाण्याआधी जे विचारतात आणि बिल हातात पडल्यावर जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. डॉलरमधल्या किमती कंपन्यांनी चिप बाजारात आणताना किंवा भाव बदलताना जाहीर केलेल्या आहेत. तुमच्या शहरातला आजचा भाव अर्थातच वेगळा असेल.

प्रोसेसरची किंमत नेमकी कशावरून ठरते?

समोरच्या कंपनीकडे त्या वेळी काय आहे, यावरून. बाकीची कारणं त्याच्यानंतर.

२०१८ मध्ये इंटेलने १८ कोअरचा (कोअर म्हणजे चिपेतला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आय९-९९८०एक्सई आणला, किंमत १,९७९ डॉलर. वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, १८ कोअरचाच आय९-१०९८०एक्सई आला. कारखान्याची प्रक्रिया तीच १४ नॅनोमीटरची, रचनाही जवळपास तीच. किंमत मात्र ९७९ डॉलर. एका वर्षात हजार डॉलर कुठे गेले? सिलिकॉन स्वस्त झालं नव्हतं. एएमडीने त्याच महिन्यात १६ कोअरचा रायझन ९ ३९५०एक्स ७४९ डॉलरला आणला होता आणि त्याच्या वर आणखी जास्त कोअरचे थ्रेडरिपर होते. इंटेलकडे दुसरा उपायच नव्हता.

कोणीही ‘आमचा उत्पादनखर्च वाढला’ असं सांगू लागलं, की हे दोन आकडे आठवावेत.

पण बनवायलाही खर्च येतच असेल ना?

येतो, पण तो कुठे येतो हे समजून घ्यायला हवं. कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात आणि एक नवी रचना तयार करायला कित्येक वर्षं हजारो इंजिनिअर राबतात. हा खर्च पहिली चिप विकण्याआधीच झालेला असतो. त्यानंतर प्रत्येक नगाचा वेगळा खर्च त्यामानाने बराच कमी असतो. म्हणूनच भाव उतरवायला भरपूर जागा असते आणि स्पर्धा नसली तर तो चढवायलाही.

नगाचा खर्च चकतीवर ठरतो. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर एकाच वेळी अनेक चिपा छापल्या जातात. रायझन ३००० मालिकेतला आठ कोअरचा तुकडा साधारण ७४ चौरस मिलिमीटरचा होता. कडेचे अर्धवट तुकडे सोडले तरी एका चकतीत असे आठशेच्या वर बसतात. चकतीवर कुठेतरी दोष राहतातच. तुकडा मोठा असेल तर एका दोषामुळे बराच माल वाया जातो, लहान असेल तर थोडकाच. एएमडीने एक मोठी चिप बनवण्याऐवजी असे लहान तुकडे जोडायला सुरुवात केली, ती मुख्यतः याचसाठी. शिवाय तोच तुकडा घरच्या पीसीतही बसतो आणि सर्व्हरसाठीच्या एपिक प्रोसेसरमध्येही.

आय५ आणि आय७, किंवा रायझन ५ आणि ७, या वेगवेगळ्या चिपा असतात का?

बऱ्याचदा नाही. हापूसच्या पेटीसारखं आहे: बाग एकच, पण फळ उतरवल्यावर प्रतवारी होते आणि प्रतीप्रमाणे भाव लागतो. आठपैकी दोन कोअर सदोष निघाले की ते बंद करायचे आणि चिप सहा कोअरची म्हणून विकायची. एएमडीने २००८ मध्ये तीन कोअरचा फेनम एक्स३ आणला, तो चार कोअरच्या चिपेतला एक कोअर बंद करूनच.

गंमत पुढे आहे. स्वस्त मालाची मागणी सदोष चिपांपेक्षा जास्त असली, की चांगले कोअरसुद्धा मुद्दाम बंद केले जातात. फेनम २ च्या काळात काही मदरबोर्डांवर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एक सेटिंग बदललं की झोपवलेला कोअर जागा व्हायचा. दोन कोअरच्या पैशात चार मिळवणाऱ्यांची तेव्हा चंगळ होती. नशिबाचा खेळ होता, पण लागला तर लागला.

इंटेलने २०१० मध्ये हीच गोष्ट उघडपणे करून पाहिली. पेंटियम जी६९५१ घेतलेल्या ग्राहकाने आणखी ५० डॉलरचं कार्ड विकत घ्यायचं, त्यावरचा कोड टाकायचा, की त्याच चिपेतली बंद ठेवलेली कॅश (चिपेतली जलद मेमरी) आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरकडून एकाच वेळी दोन कामं) सुरू. म्हणजे जी वस्तू तुमच्या टेबलावर आधीच आहे, तिचेच पुन्हा पैसे. लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या आणि २०११ मध्ये योजना बंद पडली.

स्पर्धेमुळे भाव खरोखर कोसळल्याचं उदाहरण आहे का?

सर्वांत झणझणीत उदाहरण जुलै २००६ चं. त्याआधीची दोन-तीन वर्षं एएमडीची होती. इंटेलचे पेंटियम ४ आणि पेंटियम डी तापायचे, वीज खायचे आणि तरीही अ‍ॅथलॉन ६४ च्या मागे पडायचे. त्यामुळे एएमडीचे भाव चढे होते. वरचा अ‍ॅथलॉन एफएक्स-६२ १,०३१ डॉलरचा.

२७ जुलैला इंटेलचा कोअर २ ड्युओ आला. त्यातल्या ३१६ डॉलरच्या ई६६०० ने बहुतेक चाचण्यांत त्या हजार डॉलरच्या एफएक्स-६२ ला गाठलं किंवा मागे टाकलं. सर्वांत स्वस्त ई६३०० तर १८३ डॉलरला होता. एएमडीला हे आधीच दिसत होतं, म्हणून त्याच आठवड्यात त्यांनी कुऱ्हाड चालवली: अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ ५०००+ ६९६ वरून ३०१ डॉलरवर आणि ३८००+ ३०३ वरून १५२ वर. रविवारी ज्याने प्रोसेसर घेतला, त्याला पुढच्या रविवारी तोच निम्म्या किमतीत दिसला.

त्या आठवड्यात एएमडीने आणखी एक घोषणा केली, सुमारे ५.४ अब्ज डॉलरला एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेण्याची. एकीकडे उत्पन्न निम्मं आणि दुसरीकडे डोक्यावर कर्ज. पुढच्या दहा वर्षांतली एएमडीची ओढाताण इथे सुरू झाली, असं माझं मत आहे.

मग मधली दहा वर्षं चार कोअरच्या पुढे गाडी का सरकली नाही?

कारण सरकवायला कोणी भाग पाडत नव्हतं. २००७ मध्ये घरगुती पीसीत चार कोअर आले. २०११ चा आय७-२६००के चार कोअरचा, ३१७ डॉलर. जानेवारी २०१७ चा आय७-७७००के चारच कोअरचा, ३३९ डॉलर. आठ कोअर हवे असतील तर २०१६ च्या आय७-६९००के साठी १,०८९ डॉलर मोजा, वर वेगळा महाग मदरबोर्ड घ्या.

२०११ मध्ये आलेला एएमडीचा बुलडोझर नावापुरताच दणकट होता. कोअर आठ लिहिलेले, पण एकेका कोअरचा वेग इंटेलच्या बराच मागे. एएमडीचा शेअर २०१५ मध्ये दोन डॉलरच्याही खाली गेला होता.

२ मार्च २०१७ ला रायझन आला: आठ कोअरचा १८००एक्स ४९९ डॉलरला, १७०० फक्त ३२९ ला. सात महिन्यांत इंटेलचा सहा कोअरचा आय७-८७००के ३५९ डॉलरला हजर. नवी चिप सात महिन्यांत तयार होत नाही, हे खरं. ते काम आधीपासून चालू असणार. पण ती कोणत्या किमतीला विकायची, हे सात महिन्यांत ठरवता येतं.

एएमडी ही ग्राहकाच्या बाजूची कंपनी आहे, हे खरं का?

नाही. मागे असते तेव्हा स्वस्त विकते, पुढे गेली की हातचं राखत नाही.

मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्‌झचा टप्पा एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. अ‍ॅथलॉनची किंमत ठेवली १,२९९ डॉलर; मागून आलेल्या पेंटियम ३ ची होती ९९०. स्वस्त पर्याय म्हणून ओळखली जाणारी कंपनी ती हीच.

नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० ने गेमिंगमध्येही इंटेलला मागे टाकलं, तेव्हा एएमडीने प्रत्येक पायरीवर ५० डॉलर वाढवले. ३६००एक्स २४९ चा होता, ५६००एक्स २९९ चा झाला. खरी मेख पुढे होती: ३६०० हा १९९ डॉलरचा लोकांचा लाडका प्रोसेसर होता, आणि त्याच्या जागी साधा ५६०० आणलाच नाही. मध्यमवर्गीय खरेदीदाराला थेट शंभर डॉलर जास्त मोजावे लागले.

तो साधा ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये, १९९ डॉलरलाच. मधल्या काळात काय बदललं? इंटेलची बारावी पिढी आली आणि त्यातला आय५-१२४००एफ १६७ डॉलरला मिळू लागला.

कंपनीचा झेंडा खांद्यावर घेऊन समाजमाध्यमांवर भांडणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

इंटेलला युरोपात दंड झाला होता तो कशासाठी? शेवटी काय निकाल लागला?

१३ मे २००९ ला युरोपीय आयोगाने इंटेलला १.०६ अब्ज युरोंचा दंड केला. आरोप दोन प्रकारचे होते. एक, मोठ्या संगणक कंपन्यांना अटी घालून सवलती दिल्या. उदाहरणार्थ, एचपीने ऑफिसच्या डेस्कटॉपसाठी निदान ९५ टक्के प्रोसेसर इंटेलचेच घ्यावेत. दोन, एएमडीचा प्रोसेसर असलेली काही विशिष्ट मॉडेल बाजारात उशिरा आणण्यासाठी किंवा आणूच नयेत म्हणून संगणक कंपन्यांना पैसे दिले.

आयोगाने नोंदवलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एएमडीने एका संगणक कंपनीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. कंपनीने घेतले फक्त १ लाख ६० हजार. सगळे घेतले असते तर बाकीच्या लक्षावधी प्रोसेसरांवर इंटेलकडून मिळणारी सवलत गेली असती, आणि तो तोटा फुकटच्या मालापेक्षा मोठा होता. फुकट मालालाही गिऱ्हाईक मिळत नसेल, तर त्या बाजारात नुसता भाव कमी करून काय होणार?

निकालाची कहाणी मात्र लांबली. सवलतींमुळे स्पर्धेला बाधा आली हे आयोगाने नीट सिद्ध केलं नाही, म्हणून न्यायालयाने २०२२ मध्ये तो संपूर्ण दंड रद्द केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. मॉडेल रोखण्यासाठी पैसे दिल्याचा भाग मात्र उरला आणि त्यासाठी आयोगाने २०२३ मध्ये नव्याने सुमारे ३७.६ कोटी युरोंचा दंड लावला; डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो सुमारे २३.७ कोटींवर आणला. एएमडी आणि इंटेल यांनी आपसातला वाद नोव्हेंबर २००९ मध्येच मिटवला होता, इंटेलने १.२५ अब्ज डॉलर दिले.

दोनच कंपन्या का? तिसरी का येत नाही?

परवान्यामुळे. विंडोज आणि आपले बहुतेक जुने प्रोग्रॅम ज्या एक्स८६ आज्ञासंचावर (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांच्या यादीवर) चालतात, त्याचे हक्क मुळात इंटेलचे. १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ बसला, पण पुरवठा एकाच कंपनीच्या हातात राहू नये असा आयबीएमचा आग्रह होता. त्यातून १९८२ मध्ये एएमडीशी करार झाला. म्हणजे एएमडी या धंद्यात टिकली ती गिऱ्हाइकाच्या हट्टामुळे. पुढे ३८६ या नव्या चिपेच्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला, प्रकरण लवाद आणि कोर्टात गेलं, आणि एएमडीचा एएम३८६ यायला १९९१ उजाडलं. ३८६, ४८६ अशा आकड्यांवर ट्रेडमार्क मिळेना, म्हणून १९९३ च्या चिपेला इंटेलने ‘पेंटियम’ हे नाव दिलं.

उलट बाजूने, आज सगळे वापरतात ती ६४ बिटची जोड एएमडीची आहे, २००३ ची. त्यामुळे दोघांचे पाय एकमेकांत अडकलेले आहेत. सायरिक्ससारखे इतर खेळाडू नव्वदच्या दशकातच बाजूला पडले.

खरी तिसरी स्पर्धा आली ती एआरएम या वेगळ्या आज्ञासंचाच्या वाटेने. अ‍ॅपलने २०२० मध्ये एम१ आणून इंटेलचा हात सोडला, आणि २०२४ पासून क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन एक्स विंडोज लॅपटॉपात दिसतात. पण सुटा विकत घेऊन बोर्डावर बसवायचा प्रोसेसर म्हणाल, तर अजून दोघंच.

अमेरिकेत २९९ डॉलरचा प्रोसेसर इथे एवढा महाग का?

आधी हिशेब करा. अमेरिकेतली जाहीर किंमत कराविना असते; तिथे विक्रीकर राज्याप्रमाणे बिलात वेगळा लागतो. डॉलर ९० रुपये धरला तर २९९ डॉलरचे २६,९१० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की ३१,७५४. इथपर्यंत कोणी लुबाडलेलं नाही. दुकानातला भाव याच्या आसपास असेल तर ठीक. याच्या बराच वर असेल तर वितरक, डीलर किंवा टंचाई यांपैकी कोणीतरी हात मारतंय.

दुसरी बाजूही आहे. जुना साठा पडून असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला तोच माल या हिशेबाच्या खाली मिळतो. घासाघीस करा, पण जीएसटीचं पक्कं बिल सोडून नको. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ ही सवलत नसते. तीन वर्षांची वॉरंटी तुम्ही दोन हजारांना विकलेली असते.

न्यू जर्सीतला भाऊ दिवाळीला येतोय. त्याच्याकडून मागवू का?

पैसे वाचतील, पण वॉरंटीचं आधी विचारा. हा प्रश्न भारतात थेट स्पर्धा आयोगापर्यंत गेलेला आहे. २०१६ मध्ये इंटेलने भारतासाठी वेगळं धोरण केलं: बॉक्समधला प्रोसेसर भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतलेला असेल तरच इथे वॉरंटी. माल अस्सल, पण परदेशातून आलेला, तर त्याची वॉरंटी जिथून घेतला तिथे मागा. समांतर आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याने तक्रार केली आणि २०१९ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. पुढे इंटेलने ते धोरण मागे घेतलं.

तरी परदेशातलं मूळ बिल जपून ठेवा. प्रोसेसर सहसा बिघडत नाही; बिघडलाच तर बिलाशिवाय कोणी दारात उभं करत नाही.

ट्रे आणि बॉक्स यात फरक काय?

चिप तीच. ट्रेचा माल संगणक बनवणाऱ्यांसाठी घाऊक येतो, त्यामुळे खोका नाही, बहुधा पंखा नाही आणि वॉरंटी कंपनीची नसून विकणाऱ्याची. दुकान पुढच्या वर्षी तिथे असेल याची खात्री असेल तर घ्या.

इंटेलच्या नावापुढे एफ असतो त्याचं काय?

आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणारच असाल तर पैसे वाचतात. १२४०० ची किंमत १९२ डॉलर होती, एफची १६७. कार्ड बिघडलं तर मात्र स्क्रीन काळी.

एएमडीचे गेमिंगसाठीचे एक्स३डी (जादा कॅश बसवलेले) प्रोसेसर स्वस्त का होत नाहीत?

इंटेलकडे उत्तर नाही म्हणून. ८ कोअरचा रायझन ७ ९८००एक्स३डी नोव्हेंबर २०२४ मध्ये ४७९ डॉलरला आला आणि सुरुवातीला दुकानांत टिकतच नव्हता. त्याच सुमाराला इंटेलचा कोअर अल्ट्रा २८५के ५८९ डॉलरला आला, पण गेममध्ये तो आपल्याच मागच्या पिढीपुढेही अडखळत होता. त्याचा परिणाम दोन्हीकडे दिसला. एएमडीचा भाव टिकला आणि ३९४ डॉलरचा अल्ट्रा ७ २६५के वर्षभरात ३०० च्या आसपास आला. गेम हा तुमचा मुख्य उद्योग नसेल, व्हिडिओ एडिटिंग किंवा कोडिंग असेल, तर तो २६५के त्या भावात चांगला सौदा आहे. पडलेल्या कंपनीचा माल असाच पाहावा.

इंटेल बुडाली तर?

एवढ्यात बुडू देणार नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये सुमारे १० टक्के वाटा घेतला आणि सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने ५ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. अमेरिकेला स्वतःच्या भूमीवर चिपा बनवणारी कंपनी हवी आहे, हे त्यामागचं कारण. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढून दिले. आज तिच्या मुख्य चिपा तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या कारखान्यांत बनतात, आणि इंटेलनेही अलीकडे काही भाग तिथूनच बनवून घेतले. म्हणजे दुकानात दोन ब्रँड दिसत असले तरी मागे कारखान्याची स्पर्धा फार उरलेली नाही. भावाची काळजी करायचीच असेल तर मला ही जास्त वाटते.

नवी पिढी आली की जुनी स्वस्त होते ना?

एएमडीची होते, इंटेलची तितकी नाही. इंटेल जुन्याचा जाहीर भाव फारसा हलवत नाही, माल हळूहळू संपवते. पण नुसता प्रोसेसर पाहू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७६००एक्स २९९ डॉलरला आला आणि दोन महिन्यांतच २४९ वर उतरला, कारण त्याला लागणारा नव्या सॉकेटचा एएम५ बोर्ड आणि नव्या प्रकारची डीडीआर५ रॅम मिळून बेरीज फार होत होती. लोक जुन्या एएम४ वरच थांबले. २०२५ च्या शेवटी एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आणि तोच पेच पुन्हा उभा राहिला. घरात डीडीआर४ रॅम आणि एएम४ बोर्ड असेल, तर बायोस अपडेट करून त्यावर रायझन ५७००एक्स बसवणं हा आजही सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

जुना वापरलेला प्रोसेसर घ्यावा का?

घ्यावा, एक पथ्य पाळून. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या मॉडेलांना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होण्याचा दोष होता. कंपनीने २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड (चिपेला आतून चालवणारा प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण मायक्रोकोड पुढची इजा टाळतो, झालेली भरून काढत नाही. असा आय७ किंवा आय९ कोणी स्वस्तात देत असेल तर मूळ बिल मागा. बिल नसेल तर त्याच पैशात नवा आय५ घ्या.